आमची वाटचाल: घेतलेला सेन्सर सोडायचा कधी?

२०१७ साली सांगलीत दोन खोल्यांच्या जागेत आम्ही तिघांनी काम सुरू केलं. पहिलं ॲप सोलर पॅनल बसवणाऱ्या फिटरांसाठी. फोन पॅनलवर ठेवला की दक्षिण दिशा आणि पॅनलचा कल पडद्यावर दिसायचा. आपल्याकडे पॅनल दक्षिणेला तोंड करून, साधारण अक्षांशाइतक्या कलाने बसवतात. सांगलीत तो १७ अंशांच्या आसपास येतो. (लोखंडी स्टँडपासून फोन जरा लांब धरून दिशा बघावी, हे फिटरांनीच आम्हाला शिकवलं.)

तिसऱ्याच आठवड्यात इस्लामपूरहून एका फिटरचा फोन आला. "साहेब, काटा बरोबर दाखवतोय, पण दुपारी दोनलाच मोबाईल बंद पडतोय. छपरावर चार्जर कुठं लावू?"

चूक आमचीच होती. ॲप उघडताना, म्हणजे ऑनक्रिएट या टप्प्यात, आम्ही ॲक्सिलरोमीटर (कल मोजणारा सेन्सर) आणि मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा सांगणारा सेन्सर) यांचे लिसनर, म्हणजे सेन्सरचे आकडे घेणारे कोडचे तुकडे, लावत होतो, पण काढत कुठेच नव्हतो. पडदा बंद झाला की अँड्रॉइड आपणहून सेन्सर थांबवेल, असं धरून चाललो होतो. तसं होत नाही. फोन खिशात गेला तरी सेन्सर चालूच राहायचे, तेही सर्वांत जलद वेगाने.

मग लिसनर ऑनरिझ्यूममध्ये (ॲप वापरात येतं तेव्हा) लावला, ऑनपॉजमध्ये (वापर दुसरीकडे वळतो तेव्हा) काढला. वेगही उतरवला. दर ६० मिलिसेकंदांनी आकडा आला, तरी हाताने पॅनल हलवणाऱ्याला तो पुरतो. बॅटरीची तक्रार थांबली.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. अँड्रॉइड ७ पासून एका पडद्यावर दोन ॲप उघडता येतात. काही जण वर आमचं ॲप ठेवत, खाली व्हॉट्सॲपवर आलेला साईटचा नकाशा. खालच्या भागाला बोट लागलं की आमचं ॲप पॉज होई आणि काटा समोर दिसत असूनही जागचा हलत नसे. त्या जुन्या आकड्यावर बोल्ट आवळला तर पॅनल पंचवीस वर्षं तसंच राहणार! त्याच रात्री सगळं ऑनस्टार्ट आणि ऑनस्टॉपमध्ये हलवलं. ॲप दिसतंय तोवर सेन्सर चालू, नजरेआड गेलं की बंद.

२०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ ने मागे गेलेल्या ॲपला अशा सेन्सरांचे आकडे देणंच थांबवलं. तरी लिसनर काढणारी ओळ आम्ही जपली, कारण साईटवर जुनेच फोन जास्त असतात.

आजही नवी आवृत्ती आधी गच्चीवर जाते. ॲप चालू करायचं, फोन लॉक करून खिशात टाकायचा, खाली येऊन केबल जोडायची आणि सेन्सर सर्व्हिसच्या, म्हणजे ॲपना सेन्सरचे आकडे पुरवणाऱ्या अँड्रॉइडच्या भागाच्या, चालू जोडण्यांची यादी काढायची. तिच्यात आमच्या ॲपचं नाव दिसलं, तर ती आवृत्ती फिटरांकडे जात नाही.