कोयत्याची कथा लिहिताना

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागातली गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागं उरतात म्हातारी माणसं नि शाळेतली लेकरं. या लेकरांवर कथा लिहायची हे माझं फार आधीच ठरलं होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी: ही कथा सांगणार कोण?

मुकादमाकडून, म्हणजे टोळी बांधणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरलेला एक कोयता, टनावर मजुरी, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर अंगावर राहणारी बाकी. हा हिशेब मला तोंडपाठ. पण लिहायला बसलं की त्याचा लेख व्हायचा. लेख वाचून माणूस हळहळतो नि पान उलटतो.

अंबाजोगाईला शिकताना रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही १९७१ सालची कादंबरी वाचली होती. शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. ती पुन्हा काढली. या खेपेला कथानकाकडं बघितलं नाही, ती बाई काय सांगत नाही तेवढं शोधत गेले. तिला जेवढं कळलंय तेवढंच ती बोलते. भास्कर चंदनशिवांच्या 'लाल चिखल' या कथेत टोमॅटोचा पडलेला भाव आपल्याला पोराच्या डोळ्यांनी दिसतो. शेतमालाच्या भावावर इतकं थेट लिहिलंय, तरी भाषण कुठंच नाही. मराठवाड्यात लिहू बघणाऱ्यानं या दोन्ही एकापाठोपाठ वाचाव्यात, असं मला फार वाटतं.

मग सांगणारी सापडली: नातीला सांभाळणारी आजी. लेकानं किती उचल घेतली हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. त्यामुळं आकडा कथेतून गेला नि त्या जागी घरावरचे नवे पत्रे आले. ज्यांनी ते घातले, ती दोघं उसाच्या फडात.

आजी म्हटली की जात्यावरची ओवी घालायचा मोह होतो. गंगाखेडच्या जनाबाईंचा मुलूख आमचा, त्यात नवल नाही. पण आता दळण गिरणीत जातं. ओवी ठेवली नाही.

खर्डा झाला की चुलतीला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ती स्वतः कैक हंगाम कोयत्यावर गेलेली. टोळी निघून गेल्यावरचं आजीचं लांबलचक बोलणं ऐकून म्हणाली, "अगं, लेक-सून गेल्यावर म्हातारी एवढं बोलत बसती का? ती सरपण बघाया उठती." अख्खं पान काढलं. आजी सरपणाला गेली आणि नात तिच्या मागं. कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग तिथं सुरू होतो.

एका संपादकांनी निवेदन प्रमाण भाषेत करायला नि संवाद तेवढे बोलीत ठेवायला सुचवलं. त्या रीतीनंही उत्तम कथा लिहिल्या गेल्यात. पण मग आजीच्या पाठीमागं तिचा अर्थ सांगणारं कुणीतरी उभं राहतं. मी नको म्हटलं. पुढं दुसऱ्या एका दिवाळी अंकानं ती आहे तशी छापली.

आता मुकादमाची कथा चालू आहे. कारखान्याकडून पैसा घेऊन तो टोळी बांधतो. एखादी जोडी पळाली की तो पैसा त्याच्या अंगावर येतो. त्याच्या तोंडून लिहायचं तर आधी त्याची बाजू मला पटायला हवी. ती अजून पटलेली नाही, म्हणून सध्या मुकादमांना नुसतं बोलतं करतेय.