तुम्ही विचारलंत म्हणून: आकृती काढायला वेळ कुठे असतो?

लॉच्या प्रवेश परीक्षांसाठी मी रीझनिंग शिकवते. नवीन बॅच आली की हा प्रश्न ठरलेला: "मॅडम, क्रम लावायची कोडी डोक्यातच सोडवली तर? आकृती काढत बसलं की वेळ जातो." पालकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "यात काही ट्रिक असते का हो?"

वेळ आकृतीत जात नाही. तो जातो एकमेव बरोबर क्रम शोधण्यात, आणि तसा क्रम बऱ्याचदा नसतोच.

मुलांना ही सवय लागते कुठून, तर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाडजूड पुस्तकांतून. ती बहुतेक बँकेच्या परीक्षांसाठी लिहिलेली असतात. तिथे आठ माणसं गोल टेबलाभोवती बसवली की शेवटी ज्याची त्याची खुर्ची ठरते. लॉच्या परीक्षांमधलं कोडं अनेकदा एलसॅट या अमेरिकेतल्या लॉच्या प्रवेश परीक्षेच्या धाटणीचं असतं. त्यात नियम मुद्दाम अपुरे देतात आणि विचारतात, यातलं काय होऊ शकतं, काय झालंच पाहिजे आणि काय कधीच होणार नाही. पुण्यातल्या मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला असतो: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. तसं उत्तर इथे शोधायला गेलात की अडकलात.

एक कोडं घेऊ. व्याख्यानमालेत सोमवार ते शनिवार रोज एक असे सहा वक्ते आहेत: केदार, लता, जया, हरी, मोहन आणि गीता. केदार लताच्या आधी बोलतो. जया आणि मोहन दोघंही लताच्या नंतर. जयाच्या लगेच दुसऱ्या दिवशी हरी. संपले नियम.

मुलं इथे लगेच पहिल्या प्रश्नाकडे धावतात. धावू नका. आधी तीन नियम एका ओळीत जोडा: केदार, मग लता, आणि लतापासून दोन फांद्या. एका फांदीवर जया-हरी ही न तुटणारी जोडी, दुसरीवर एकटा मोहन. या दोन फांद्यांमध्ये आधी कोण, ते कुणीच सांगितलेलं नाही. ते तसंच मोकळं राहू द्या. चुका बहुतेक इथेच होतात, कारण कागदावर जया मोहनच्या वर लिहिली गेली की ती आधीच येणार असं वाटायला लागतं.

आता मोजा, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर किमान किती जण आहेत. लताच्या आधी एक आणि नंतर तीन, म्हणजे ती मंगळवारी किंवा बुधवारी. केदारच्या नंतर चार जण, म्हणून तो सोमवारी नाहीतर मंगळवारी. जया बुधवारच्या आधी येत नाही आणि शुक्रवारच्या पुढे जात नाही. हरी तिच्या दुसऱ्या दिवशी. सहा जणांचे एकूण क्रम ७२०, आणि एवढ्याशा नियमांनी त्यातले १० उरले. ते दहाही लिहून काढायची गरज नाही. कोण कुठून कुठपर्यंत सरकू शकतो, एवढं कळलं तरी बरेच प्रश्न सुटतात.

आणि गीता? तिच्याबद्दल एकही नियम नाही, म्हणून मुलं तिला विसरतात. मला मात्र या कोड्यात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती कुठल्याही दिवशी बसते, फक्त जया आणि हरीच्या मध्ये शिरू शकत नाही. सोमवारी कोण बोलू शकेल? केदार किंवा गीता, तिसरं कुणी नाही. बुधवारी मोहन असेल तर? मग सोमवारी केदार, मंगळवारी लता, आणि उरलेल्या तीन दिवसांत ती जोडी आणि गीता. गीता गुरुवारी किंवा शनिवारी. शुक्रवार तिला मिळूच शकत नाही. हे डोक्यात करून पाहा, आणि मग सांगा वेळ कशात गेला.

"यांपैकी कोणता क्रम शक्य आहे?" या प्रश्नाला मात्र आकृतीसुद्धा नको. एकेक नियम घ्यायचा आणि तो मोडणारा पर्याय खोडायचा.

खुद्द एलसॅटमधून अशा कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून गेला. तिथे ३५ मिनिटांत चार कोडी असायची. एका अंध परीक्षार्थीने आकृत्यांच्या अडचणीवरून दावा लावला होता. २०१९ मध्ये त्यात तडजोड झाली आणि मग हा बदल आला. मला तो योग्यच वाटतो. ज्याला कागदावर रेघ ओढता येत नाही, त्याने चांगला वकील का होऊ नये? आपल्याकडे क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, २०२० पासून उताऱ्यांवर भर आहे, त्यामुळे निव्वळ क्रमाच्या कोड्यांवर महिने घालवू नका. राज्याच्या लॉ सीईटीत रीझनिंगचा वेगळा विभाग आहे, तिथे सराव उपयोगी पडतो.

आणि कोडं अडलंच तर? सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काहीच ठेवू नका. क्लॅटमध्ये पाव गुण जातो, पण चारपैकी एक पर्याय खात्रीने खोडता आला तर अंदाज लावणं फायद्याचंच ठरतं.