टाचेच्या हाडातली पोकळी

अमळनेर तालुक्यातून जळगावला माझ्याकडे आलेला तो एकोणीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे १६०० मीटर धावत असे. उजवी टाच दुखते ही त्याची तक्रार मी पहिल्या भेटीत नेहमीची टाचदुखी समजलो आणि गोळ्या व मऊ तळव्याची चप्पल सांगून त्याला घरी पाठवले. एक्स-रे काढला नाही, ही माझी चूक होती. दोन महिन्यांनी तो लंगडत आला, तेव्हा मी टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि तो कळवळला. दुखणे तळव्यात नव्हते, हाडात होते.

एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाच्या पुढच्या भागात, जिथे हाडाची जाळी मुळातच विरळ असते, तिथे रेखीव कडांची काळी पोकळी दिसली. याच जागी हाडातली चरबीची गाठही होते, म्हणून एमआरआय केला. त्यात चरबी नव्हती, फक्त द्रव होता. हा हाडातला साधा सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी आहे, कर्करोग नव्हे, असे मी सांगितले, तरी सोबत आलेल्या आजीने ‘गाठ’ एवढाच शब्द धरला आणि विचारले, “मना पोऱ्या चाली ना, दादा?”

दुखत नसलेला लहान सिस्ट नुसता नजरेखाली ठेवता येतो; पण इथे बाहेरची भिंत पातळ झाली होती आणि मुलाला धावायचे होते, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. स्पायनल भूल दिल्यावर टाचेच्या बाहेरच्या बाजूला छोटा छेद घेतला, तिथली संवेदनेची नस आणि घोट्यामागून येणारे स्नायूबंध जपून बाजूला केले, आणि हाडात जाड सुई घातली. सिरिंजमध्ये गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, पारदर्शक द्रव आला. निदान बरोबर असल्याची ती खूण होती, आणि टेबलाभोवतीच्या आम्हा सर्वांचा श्वास मोकळा झाला.

पुढचे काम चिकाटीचे होते. हाडाला खिडकी पाडून क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने, सर्व बाजूंचे पातळ अस्तर खरवडले. वरचे छत सांध्याला लागून असल्याने तिथे हात हलका ठेवावा लागला, पण कोपरा सोडून चालत नाही, कारण अस्तर उरले तर सिस्ट पुन्हा भरू शकतो. अस्तर पॅथॉलॉजीला पाठवले आणि कमरेच्या हाडातून काढलेल्या हाडाच्या चुऱ्याने पोकळी दाबून भरली.

सहा आठवडे टाच जमिनीला लावायची नाही, असे बजावले होते आणि त्याने ते पाळले. पॅथॉलॉजीच्या अहवालात साधा सिस्टच निघाला. तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेत भरलेले हाड धरू लागलेले दिसले, तेव्हा आजीने फिल्म उजेडाकडे धरायला लावून ती पांढरी जागा स्वतः बोटाने दाखवून घेतली. मुलगा आता काठीशिवाय चालतो. धावायची परवानगी मात्र मी अजून दिलेली नाही. सहाव्या महिन्याचा एक्स-रे पाहून ठरवू, असे त्याला सांगितले आहे.