खोक्यातून येते ती अजून सायकल झालेली नसते

ओळखीतलं कुणी सायकल घ्यायला निघालं की मला हमखास विचारतं, ऑनलाईन मागवू का दुकानातून घेऊ, आणि सोबत दोन किमतींचे स्क्रीनशॉट पाठवतं. मला वाटतं त्या दोन किमती एकाच वस्तूच्या नाहीतच. दुकानातून आपण चालती सायकल आणतो. ऑनलाईन येतं ते खोकं, पुढचं चाक सुटं, हँडल वळवून बांधलेलं, सीट वेगळी, पॅडल पिशवीत. "८५ टक्के जोडलेली" असं लिहितात ना, तर उरलेल्या १५ टक्क्यांत ब्रेक, हँडल, गियरचं सेटिंग असं जिवाशी गाठ असलेलं सगळं येतं.

साधं पॅडल घ्या. उजवं नेहमीसारखं आवळतं पण डाव्याला उलटे आटे असतात, चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. दोन्हींची अदलाबदल झाली आणि पाना लावून जोर केला की क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांडीचे, आटे गेलेच समजा, कारण क्रँक बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा आणि पॅडलचा दांडा स्टीलचा. दांड्यावर एल आणि आर कोरलेलं असतं ते बघायचं, थोडं ग्रीस लावायचं आणि आधी नुसत्या बोटांनी फिरवायचं, बोटांनी जात नसेल तर तिथेच थांबायचं. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, उलटा बसवून फिरणारेही दिसतात, आणि ते खरंच धोक्याचं आहे. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तो चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे, एवढं बघितलं तरी कळतं.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गियर बदलणारा भाग, ज्यावर लटकतो तो हँगर बऱ्याच सायकलींना मुद्दाम मऊ धातूचा देतात, मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. खोकं त्या बाजूवर आपटलं की तो वाकतो आणि वरवर बघून अजिबात कळत नाही, मागे उकिडवं बसून डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या दातेरी चक्रांच्या सरळ रेषेत आहेत का ते बघावं लागतं. वाकलेला राहिला तर सगळ्यात मोठ्या चक्रावर गियर टाकताना डिरेलर थेट आऱ्यांत जाऊ शकतो.

दुकानदार सगळे चांगले असं मी म्हणत नाही. स्टॉकमध्ये आहे तीच साइज गळ्यात मारणारे असतात, "सीट वर करून देतो, बसेल तुम्हाला" म्हणतात, पण सीट वर केल्याने हँडलपर्यंतचं अंतर बरोबर होत नाही आणि मग पाठ आणि मनगटं दुखतात. अशा वेळी उठून यावं. तुम्हाला जमणारा रीच आणि स्टॅक, म्हणजे फ्रेमची हँडलच्या दिशेची लांबी आणि उंची, माहीत असेल तर ऑनलाईन खुशाल घ्या, फक्त मिडियम-लार्जवर न जाता जिऑमेट्री चार्टमधले, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या तक्त्यातले, आकडे बघा, कारण एका कंपनीचा मिडियम दुसरीचा स्मॉल निघतो.

पण पहिलीच सायकल असेल तर माझं मत दुकानच. टेस्ट राइड मिळते, आणि काही आठवड्यांनी केबल बसून सैल झाल्या, गियर उड्या मारायला लागले, चाकाला आउट आला म्हणजे ते फिरताना डगमगायला लागलं की ती घेऊन जायला जागा असते.

तरीही ऑनलाईनच ठरलं असेल तर खोकं उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, वॉरंटीसाठी असेंब्ली मेकॅनिककडूनच हवी अशी अट आहे का ते वाचा आणि सायकल नीट चालवून बघेपर्यंत खोकं फेकू नका, परत पाठवायची वेळ आली तर बहुतेकदा मूळ पॅकिंगच मागतात.