किणकिण सापडली!

दोन महिने छळत होती. गिटारचा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, भरदार करणारं पेडल) दाबला की मागे बारीक किणकिण सुरू. आज सुट्टी, म्हणून गंगापूर रोडच्या घरी जमिनीवर बसून अख्खा पेडलबोर्ड, म्हणजे पायाने दाबायच्या इफेक्ट पेडलांची पाटी, उलगडला. एकेक पेडल काढत गेलो. डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) काढला आणि आवाज गप्प!

दोष डिलेचा नव्हताच. पाचही पेडल एकाच अडॅप्टरच्या माळेवर होती. डिजिटल डिलेचा गोंगाट वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरायचा आणि तिथे मोठा व्हायचा. डिलेला ९ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर दिला. मधली पिन निगेटिव्हच आहे ना, दोनदा पाहिलं.

उरली घरातल्या विजेची ५० हर्ट्झची जाड घूं. गिटारचे पिकअप (तारांचा कंप पकडणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे आहेत, थोडी राहणारच. पॉवरच्या वायरी पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलपासून लांब नेल्या, ओलांडाव्या लागल्या तिथे काटकोनात. बरीच उतरली. मित्रांनो, एक कळकळीचं सांगणं: ही घूं घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जिवाशी खेळ आहे तो.

संध्याकाळी आई चहा घेऊन आली तेव्हा सगळं चालू होतं. तारांवरून हात उचलला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. आई म्हणाली, "बंद केलंस का रे?"