रेडिओवर जॉन बॉन जोवी अजून चोवीसचाच

न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेकडे निघालं की सेरव्हिलच्या हद्दीत एक सर्व्हिस एरिया लागतो. पूर्वी त्याला चीझक्वेक म्हणायचे. २०२१ पासून त्याचं नाव ‘जॉन बॉन जोवी सर्व्हिस एरिया’, बॉन जोवी या रॉक बँडच्या गायकाच्या नावावरून. त्याच सुमारास पार्कवेवरच्या बाकीच्या थांब्यांनाही फ्रँक सिनात्रा, व्हिटनी ह्यूस्टन अशी जर्सीच्या नामवंतांची नावं मिळाली. ज्या गावात लहानाचे मोठे झालो तिथेच, हयात असताना आपल्या नावाची पाटी लागावी, हा मान थोडाथोडका नाही.

माझा कामावर जायचा रस्ता हाच. गाडीत बहुतेक वेळा क्यू १०४.३ लागलेलं असतं, न्यूयॉर्कचं क्लासिक रॉक स्टेशन. तिथे बॉन जोवी लागला की ‘लिव्हिन ऑन अ प्रेयर’ तरी असतं, नाहीतर ‘यू गिव्ह लव्ह अ बॅड नेम’, नाहीतर ‘वॉन्टेड डेड ऑर अलाइव्ह’. तिन्ही गाणी १९८६ च्या एकाच अल्बममधली. तेव्हा जॉन चोवीस वर्षांचा होता. आज साठी ओलांडलेला, आजही नवी गाणी लिहिणारा हा माणूस रेडिओच्या लेखी अजून चोवीसचाच आहे. याचा मला मनापासून राग येतो.

वय झालेले रॉक बँड मुख्य प्रवाहात टिकू शकतात का, हा वाद आमच्या मित्रमंडळींत अधूनमधून होतो. बहुतेकांचं म्हणणं असं की रेडिओची आवड बदलली, पोरांना आता गिटार नको, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. बॉन जोवीने रेडिओची आवड बदललेली असताना दोनदा परत येऊन दाखवलंय, आणि दोन्ही वेळा बँड ‘जुना’च समजला जात होता.

मुळात हा बँड रेडिओच्या पोटीच जन्मला. जॉन न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत झाडलोट आणि पडेल ती कामं करायचा. स्टुडिओ नात्यातल्या टोनी बॉन्जोवीचा. तिथेच १९८२ मध्ये त्याने भाड्याचे वादक घेऊन ‘रनअवे’ रेकॉर्ड केलं. बँड नव्हताच अजून. ते गाणं घेऊन तो डब्ल्यूएपीपी या नव्या कोऱ्या स्टेशनवर गेला. स्टेशनने स्थानिक कलाकारांच्या रेकॉर्डमध्ये ते घेतलं, वाजवलं, लोकांनी उचललं, आणि मग कुठे बँड जमवायची धावपळ सुरू झाली. १९८४ मध्ये तेच गाणं देशाच्या यादीत ३९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. एका अनोळखी पोराची टेप स्टेशनवाल्यांनी ऐकून घेतली, एवढीच ती गोष्ट. डब्ल्यूएपीपी ज्या १०३.५ वर लागायचं तिथे आज केटीयू हे नाचगाण्यांचं स्टेशन लागतं.

तसं आता का होत नाही? अमेरिकेत स्टेशन विकतं ते गाणं नाही, ऐकणारा विकतं. जाहिरातदाराला २५ ते ५४ वयाचे लोक हवेत, तर स्टेशन त्यांना धरून ठेवेल असं काहीतरी लावणार. क्लासिक रॉक हा प्रकार ऐंशीच्या दशकात त्यातूनच रुजला. तरुणपणी रॉक ऐकलेली पिढी कमावती झाली होती, तिला तिचीच गाणी परत ऐकवायची. कुठली गाणी ठेवायची हे चाचणीवर ठरतं. लोकांना प्रत्येक गाण्याचा सात-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि आवडलं का विचारतात. आता सांगा, ओळखीच्या गाण्यापुढे नवं गाणं सात सेकंदांत कसं जिंकणार? त्यात १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे पुढे हजाराच्या वर स्टेशनं झाली. पोरांचं झेड१०० आणि पालकांचं क्यू १०४.३, आज दोन्हींची मालक त्याच कंपनीचं नवं रूप असलेली आयहार्ट आहे. बॉन जोवीचं नवं गाणं पहिल्यासाठी फार म्हातारं आणि दुसऱ्यासाठी फार नवं. मधे त्याला जागाच ठेवलेली नाही.

१९९४ मध्ये, मी कल्याणला कॉलेजात असताना, चॅनल व्हीवर ‘ऑल्वेज’ लागायचं. सिएटलच्या बँडांनी तोवर केसाळ, चकचकीत रॉकचं दुकान बंद करून टाकलं होतं. बॉन जोवीच्या बरोबरीचे कितीतरी बँड त्या दोन-तीन वर्षांत दिसेनासे झाले. ‘ऑल्वेज’ मात्र अमेरिकेत पहिल्या पाचात गेलं. ते प्रेमगीत होतं आणि प्रेमगीताला रेडिओ नाही म्हणत नाही.

खरी कसोटी लागली २००० साली. मी नुकतीच जर्सीत आले होते. पॉप स्टेशनांवर ब्रिटनी स्पीअर्स आणि बॅकस्ट्रीट बॉइज यांचा धुमाकूळ चालू होता. त्यांची गाणी घडवणारा स्वीडनचा मॅक्स मार्टिन, त्याच्याबरोबर बसून जॉन आणि बँडचा गिटारवादक रिची सांबोरा यांनी ‘इट्स माय लाइफ’ लिहिलं. तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली होती. ते गाणं नीट ऐका. ठोके, घाईने येणारं धृपद, कुठेही न रेंगाळणारी कडवी, ही सगळी मार्टिनची बांधणी आहे. पण सुरुवातीलाच गिटारचा तो बोलल्यासारखा आवाज येतो. तो टॉक बॉक्स. वादकाच्या तोंडात नळी असते, गिटारचा आवाज त्या नळीतून तोंडात येतो आणि ओठ जसे हलतील तसे अक्षरांसारखे आवाज निघतात. सांबोराने ‘प्रेयर’मध्ये तोच वापरला होता. आणि कडव्यात टॉमी आणि जीना पुन्हा भेटतात, ‘प्रेयर’मधलं ते गोदीकामगार आणि हॉटेलात राबणाऱ्या मुलीचं जोडपं. चौदा वर्षांनंतरही ते तगून आहेत एवढं एका ओळीत कळतं. जुन्या ऐकणाऱ्याला हाक मारली आणि नव्याला त्याच्या ओळखीच्या घरात बसवलं. ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत ३३ व्या. अमेरिकेतला आकडा दिसायला लहान आहे, पण त्या गाण्यामुळे बँडला एक अख्खी नवी पिढी मिळाली.

दुसऱ्या वेळी तर दारच वेगळं निवडलं. २००५ च्या अल्बममध्ये ‘हू सेज यू कान्ट गो होम’ होतं, गावी परतण्याबद्दलचं. त्याच गाण्याची आणखी एक आवृत्ती शुगरलँड या कंट्री बँडच्या जेनिफर नेटल्सबरोबर गायली आणि कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या ढंगाची गाणी लावणाऱ्या स्टेशनांकडे पाठवली. २००६ मध्ये ती, गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिली आली. रॉक बँडला तो मान आधी कधीच मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. कंट्री रेडिओवर चाळिशीतला गायक चालतो. घर, नवरा-बायको, गाव, पगार असे विषय चालतात, आणि सेरव्हिलच्या पोराने सुरुवातीपासून दुसरं लिहिलंय काय? गाणं तेच राहिलं, फक्त ज्या ऐकणाऱ्याला त्या वयाच्या माणसाचं ऐकायचं होतं त्याच्यापर्यंत ते पोचलं. २००७ चा ‘लॉस्ट हायवे’ त्याच वाटेने कंट्रीच्या माहेरघरी, नॅशव्हिलला गेला आणि अल्बमांच्या यादीत थेट पहिला आला.

एरोस्मिथचंही तसंच. सत्तरच्या दशकातला बँड, आणि देशात पहिलं आलेलं त्यांचं एकमेव गाणं १९९८ चं, डायन वॉरनने लिहिलेलं. सँटानाचं १९९९ चं ‘स्मूथ’ तर बारा आठवडे पहिलं होतं, गायला रॉब थॉमस. बाहेरच्या माणसाला आत घेतलं की दार उघडतं. यात लाचारी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं. उलट ब्रिटनमध्ये स्टेटस क्वो या जुन्या रॉक बँडने १९९६ मध्ये, गाणं टॉप ४० मध्ये असूनही वाजवत नाहीत म्हणून, बीबीसीच्या रेडिओ वनला कोर्टात खेचलं आणि केस हरले. मला त्यांची कळकळ समजते. पण कोर्टाच्या हुकमाने गाणं कानात शिरत नाही.

२०१८ मध्ये बॉन जोवीचा २०१६ चा अल्बम अचानक पुन्हा यादीत पहिल्या क्रमांकावर आला, कारण कार्यक्रमाच्या तिकिटाबरोबर अल्बम दिला जात होता आणि त्याची विक्रीत मोजणी होत होती. बरेच कलाकार तेव्हा हेच करत होते, २०२० मध्ये बिलबोर्डने नियम बदलले. याला मी मुख्य प्रवाह म्हणत नाही. मुख्य प्रवाह कुठे असतो ते जर्सीतल्या एडिसन गावच्या बँक्वेट हॉलमध्ये बघावं. आपल्या लोकांच्या संगीतला मराठी-हिंदी गाण्यांच्या मधे डीजे ‘प्रेयर’ लावतो, धृपदाला आवाज बंद करतो, आणि २००० नंतर जन्मलेली पोरं ते अख्खं धृपद एका सुरात म्हणतात. त्यांचे आईबाप, म्हणजे आम्ही, जोडीला असतोच.

मग म्हणतील, रेडिओ कशाला हवा, आता मोबाईल आहे. मोबाईलवरही हेच चाललंय. २०२२ मध्ये एका वेबमालिकेमुळे मेटालिकाचं एक गाणं देशाच्या पहिल्या चाळिसात आलं. आनंदच झाला. पण तेही १९८६ चं! जुन्या बँडला नवीन कान मिळतात ते जुन्याच गाण्यासाठी. आयर्न मेडनसारखा बँड रेडिओच्या फारशा मदतीशिवाय जगभर मैदानं भरतो, बंगळुरू-मुंबईलाही येऊन गेला. मात्र त्यांनी रेडिओवर घर बांधलंच नव्हतं. बॉन जोवीचं घर तिथेच होतं.

जॉनच्या आवाजाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. २०२२ मध्ये स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली. ‘प्रेयर’च्या शेवटच्या धृपदात गाणं एकदम वरच्या पट्टीत उडी मारतं, चोवीसच्या गळ्यासाठी लिहिलेली ती उडी साठीत कोण घेणार? शस्त्रक्रियेनंतरच्या, २०२४ च्या ‘फॉरएव्हर’ अल्बममध्ये तो तशी उडी घ्यायला जातच नाही. खालच्या पट्टीत, थोड्या खरखरत्या गळ्याने गातो, आणि ‘किस द ब्राइड’मध्ये मुलीच्या लग्नाबद्दल गाताना तो गळाच शोभून दिसतो. मुलगी मोठी होत असलेल्या कुठल्याही आईबापाने ते ऐकावं.

त्याच अल्बममध्ये ‘लिव्हिंग प्रूफ’ आहे. त्यातही टॉक बॉक्स आहे, आता नवा गिटारवादक फिल एक्सच्या हातात, कारण सांबोरा २०१३ मध्येच बँड सोडून गेला. क्लासिक रॉक स्टेशनांकडे माझं एकच मागणं आहे. रोज ‘प्रेयर’ लावता, लावा. त्याला लागून, मधे जाहिरात न घेता, आठवड्यातून एकदा ‘लिव्हिंग प्रूफ’ लावा. सात सेकंदांचा तुकडा नको, अख्खं गाणं वाजवा, आणि कुणाचं आहे ते गाणं संपल्यावर सांगा. पार्कवेवर गाडी चालवणारे आम्ही हजारो लोक आहोत, आमच्यातल्या किती जणांनी स्टेशन बदललं ते मग मोजा.