पदवीदानाची संध्याकाळ

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या सरकारी कॉलेजात, मी गणित शिकवते, आणि मेअखेरीचं पदवीदान कधी चुकवत नाही. मिरवणूक, अध्यक्षांचं स्वागत, ट्रस्टींचे दोन शब्द हे दरवर्षी ठरल्याप्रमाणे पार पडतं. माझे कान लागलेले असतात ते विद्यार्थ्याच्या भाषणाकडे.

बोलायला उभं राहणारं माणूस आमच्याकडे क्वचितच विशीचं असतं. एके वर्षी एक आजी बोलल्या होत्या. पण मनात घर करून राहिलाय तो गोदामात रात्रपाळी करून थेट सकाळच्या बीजगणिताच्या वर्गाला येणारा विद्यार्थी. त्याने आभार मानले ते लायब्ररीच्या सफाई कामगाराचे. बंद व्हायची वेळ टळून गेली तरी हा माणूस त्याच्या टेबलावरचा दिवा शेवटपर्यंत मालवत नसे. भाषण चालू असताना तो कामगार मैदानाच्या कडेला खुर्च्यांची ट्रॉली धरून उभा होता. सगळं मैदान वळून त्याच्याकडे बघायला लागलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मला आजही ते लिहिताना भरून येतं.

तेव्हा आम्ही फक्त दोन वर्षांची असोसिएट पदवी देत होतो, साधारण ६० युनिटची, म्हणजे श्रेयांकांची. पुढचं शिकायचं तर विद्यापीठात जायचं, आणि घर-नोकरी सोडून लांब जाणं ज्यांना जमत नसे त्यांचं शिक्षण तिथेच थांबे. २०१४च्या कायद्याने राज्यातल्या १५ कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर बॅचलर्स पदवीचा एकेक अभ्यासक्रम काढता आला. फुटहिल कॉलेजने दातांच्या स्वच्छतेचा काढला, स्कायलाइन कॉलेजने श्वसनोपचाराचा. २०२१मध्ये एबी ९२७ या राज्याच्या कायद्याने ही सोय कायमची केली आणि आमच्यासारख्यांनाही अर्ज करता आला. विद्यापीठांत आधीच असलेला अभ्यासक्रम काढायचा नाही, ही अट. त्यामुळे मंजुरीची कागदपत्रं करता करता आमच्या डीनबाईंची झोप उडाली होती. फी पहिल्या दोन वर्षांच्या विषयांना युनिटमागे ४६ डॉलर, पुढच्या दोन वर्षांच्या विषयांना १३०. चार वर्षांचे मिळून साडेदहा हजारांच्या आसपास. हा आकडा मी पालकांना अभिमानाने सांगते.

नवी इमारतही उभी राहिली, ५५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी बाँडला, म्हणजे बांधकामासाठीच्या कर्जरोख्यांना, होकार दिला म्हणून. फीत कापायच्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. त्याच वर्षी पदवीदानाला प्राध्यापकांच्या मागच्या रांगा रिकाम्या होत्या. हे मला लागतं. विद्यार्थी आत येताना दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवायच्या, एवढंच तर त्या संध्याकाळी आपलं काम असतं. शंभर जणांची फी माफ करून घेण्यासाठी धडपडणाऱ्या आमच्या समुपदेशकबाई मात्र गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतानाही काठी टेकत आल्या होत्या.

बॅचलर्सची पहिली तुकडी पुढच्याच रांगेत बसली होती, जेमतेम दीड रांग. त्यांच्यातली जी बोलली, ती आमच्याचकडून पूर्वी असोसिएट पदवी घेऊन गेलेली. आता तिची पोरं शाळेत जातात. "मी इथून एकदा निरोप घेऊन गेले होते," एवढं म्हणून ती थांबली, आणि तुकडीतल्या बाकीच्यांनी उभं राहून तिला पुढचं वाक्य म्हणायला वेळ दिला.

नावं वाचणाऱ्या बाईंना विसरून चालणार नाही. व्हिएतनामी, अर्मेनियन, पंजाबी, नाव कुठलंही असो. आदल्या दिवशी प्रत्येकाला गाठून उच्चार विचारतात आणि कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवतात. खुणांच्या भाषेतले दोघे दुभाषे, गाऊनची मापं जुळवणाऱ्या बुकस्टोअरच्या ताई, व्हीलचेअरसाठी उतार लावणारे मेंटेनन्सचे लोक, माइकवाला, बँड, पाण्याच्या बाटल्या वाटणारे विद्यार्थी संघटनेचे स्वयंसेवक. पार्किंगमधली मुलं तर समारंभ बघतच नाहीत. कुणाचं राहून गेलं असेल तर कळवा, पुढच्या वेळी त्यांचा उल्लेख सगळ्यांत आधी करीन.